उत्पन्नाची अट आणि तीनशे एकसष्टावं युनिट

मागच्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या कमिटीनं ठरवलं की जमलेल्या रकमेतला काही भाग थकलेल्या लाइट बिलांसाठी ठेवायचा. सोलापुरात मार्चपासूनच ऊन चटके देतं, आणि रोज्याच्या दिवसांत घरात पंखा नसणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून फॉर्म आणि यादी बनवायचं काम माझ्याकडे आलं. फॉर्म बनवायला मला अर्धा तासही लागला नाही. रेशनकार्डाचा रंग, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न, थकबाकीची रक्कम असे रकाने टाकले आणि शेवटच्या रकान्यात एक सूत्र लिहिलं. उत्पन्न ५९,००० किंवा त्याहून कमी असेल तर 'पात्र', नाहीतर 'अपात्र'. ५९,००० हा आकडा कुठून आणला? सरकारी आहे, शहरी भागात अन्न सुरक्षेच्या लाभासाठी हीच मर्यादा धरली जाते, म्हणून आणला. कमिटीत कुणीही त्यावर प्रश्न विचारला नाही. मीही स्वतःला विचारला नाही.

चाळीसेक अर्ज आले. त्यातला एक मागच्या गल्लीतल्या खालांचा होता. साडीला फॉल-पिको करून देतात, मुलगा बेकरीत कामाला आहे. नवरा तीन वर्षांपूर्वी वारला. तीन बिलं थकलेली, वीज तोडण्याची नोटीस हातात. सूत्रानं त्यांच्या नावापुढे 'अपात्र' लिहिलं. त्यांचं कार्ड पांढरं आहे. पांढरं का, तर नवऱ्यानं कधीकाळी कर्ज काढून माल वाहायचा टेम्पो घेतला होता, आणि चारचाकी असलेल्या घराला पांढरं कार्ड असा नियम आहे. टेम्पो हप्ते थकल्यावर फायनान्सवाल्यांनी ओढून नेला. माणूस गेला. कार्ड पांढरंच राहिलं. मी त्यांना समजावू लागलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बेटा, कार्डाचा रंग बदलायला कुठं जायचं तेवढं सांग. मी जाऊन येते." मला ते नीट सांगता आलं नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा या आकड्यांच्या मागे लागलो.

महाराष्ट्रात तिरंगी रेशनकार्डांची पद्धत १ मे १९९९ पासून आली. वार्षिक उत्पन्न १५,००० पर्यंत असेल तर पिवळं, १५,००० ते १ लाख असेल तर केशरी, त्यावर पांढरं. पंधरा हजार म्हणजे महिन्याला साडेबाराशे रुपये. आज घरगुती गॅसचा एक सिलिंडरच आठशेच्या वर जातो. पुढे अन्न सुरक्षा कायदा आला, तेव्हा २०१३ च्या डिसेंबरमधल्या शासन निर्णयानं ग्रामीण भागासाठी ४४,००० आणि शहरासाठी ५९,००० अशी नवी रेष आखली. शहरातली रेष म्हणजे महिन्याला सुमारे ४,९०० रुपये. आता रोज तीनशे रुपयांची मजुरी महिन्याला पंचवीस दिवस मिळाली तरी वर्षाचे ९०,००० होतात. म्हणजे एक माणूस नियमित कामावर जात असेल, तर ते घर कागदावर या रेषेच्या वर गेलंच. तरीही रेषेखाली लाखो कुटुंबं आहेत. ती आहेत याचा अर्थ दाखल्यावरचा आकडा आणि घरात येणारा पैसा यांची फारकत झाली आहे, आणि ते देणाऱ्यालाही माहीत आहे, घेणाऱ्यालाही.

आमच्या धंद्यात याला हार्ड-कोड केलेली संख्या म्हणतात. कुणीतरी एकदा प्रोग्राममध्ये आकडा लिहून ठेवतो, तो माणूस नोकरी सोडून जातो, आणि मग आकड्याला हात लावायला कुणी धजत नाही. दहा वर्षांनी सगळी व्यवस्था त्याच्याभोवती वाकलेली असते. कोड तपासणाऱ्या ज्युनिअर मुलाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, हा आकडा इथं का आहे, आणि तो कधी बदलणार? माझ्या स्वतःच्या सूत्राला मात्र मी तो विचारला नव्हता.

ऊर्जेच्या बाबतीत ही गोष्ट जास्त टोचते, कारण वीज आणि गॅस यांची मदत आपल्याकडे एका जागी नाही. ती वेगवेगळ्या योजनांच्या शेपटाला बांधलेली आहे, आणि प्रत्येक योजनेची चाळणी वेगळी.

आधी गॅस घेऊ. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली. अट अशी की घरात आधीपासून कुठल्याही कंपनीचं कनेक्शन नसावं. वरवर पाहता बरोबरच आहे. पण आमच्या वस्तीतल्या कित्येक घरांनी २००५ ते २०१५ च्या दरम्यान भिशी लावून, कानातलं मोडून, स्वतःच्या पैशानं कनेक्शन घेतलं होतं, कारण भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत चूल पेटवता येत नाही आणि रॉकेल मिळेनासं झालं होतं. ती सगळी कुटुंबं उज्ज्वलातून कायमची बाहेर राहिली. ऑक्टोबर २०२३ पासून उज्ज्वलाच्या ग्राहकाला दर सिलिंडरमागे ३०० रुपये मिळू लागले. स्वतःच्या पैशानं कनेक्शन घेतलेल्या बिडी कामगाराला नाही. त्याची गणना सर्वसाधारण ग्राहकांत होते, आणि त्या ग्राहकांच्या खात्यात येणारं अनुदान २०२० च्या मध्यापासून जवळपास बंदच आहे. गंमत म्हणजे जानेवारी २०१६ मध्ये वरून एक मर्यादा घातली गेली होती, करपात्र उत्पन्न १० लाखांवर असेल तर अनुदान नाही. ती मर्यादा आज निरर्थक झाली आहे, कारण नऊ लाखवाल्यालाही काही मिळत नाही आणि नव्वद हजारवाल्यालाही नाही.

मग २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली, वर्षाला तीन सिलिंडर मोफत. ती उज्ज्वलाच्या ग्राहकांना आणि लाडकी बहीण योजनेला पात्र असलेल्या कुटुंबांना लागू केली. यातून बरीच घरं आत आली, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. माझ्या गल्लीतच सात-आठ आहेत. पण कनेक्शन बाईच्या नावावर हवं. खालांचं कनेक्शन मयत नवऱ्याच्या नावावर. आणि लाडकी बहीणची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पांढरं असेल तर लागतो. म्हणजे १९९९ चा रंग २०२४ च्या योजनेत पुन्हा दारात उभा राहतो. ज्यांनी कधीकाळी केशरी कार्ड मिळवलं आणि नंतर दोन मजले चढवले, ते सरळ आत. खालांनी मात्र तहसीलला खेटे घालायचे.

या अडीच लाखांच्या रेषेवर काय होतं त्याचा हिशेब मी करून पाहिला. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. तीन सिलिंडर धरले तर आणखी साधारण अडीच हजार. एकूण वीस-साडेवीस हजार. ज्या घराचं उत्पन्न बरोबर अडीच लाख आहे त्याला हे सगळं मिळतं. ज्याचं अडीच लाख एक रुपया आहे त्याला शून्य. म्हणजे बेकरीतल्या मुलानं ओव्हरटाइम करून वर्षाला दहा हजार जास्त कमावले आणि घर रेषेपलीकडे गेलं, तर त्या घराचा दहा हजारांचा तोटा झाला. अशा वेळी तो काय करेल? मालकाला सांगेल, ओव्हरटाइम रोखीत द्या, कागदावर नको. मग उद्या घरासाठी कर्ज मागायला गेला तर पगाराचा कागद तोकडा पडेल. रेष अशी आखली की ती माणसाला खोटं बोलायला शिकवते आणि वर त्यालाच चोर ठरवते.

इथं आपल्याकडच्या एका सवयीबद्दल बोललं पाहिजे. आमच्या मोहल्ल्यात कमी उत्पन्नाचे दाखले काढून घेणारे कमी नाहीत. स्वतःचं दुकान असलेल्या माणसाच्या दाखल्यावर ४८,००० लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि तो माणूस पहिल्या सफमध्ये नमाज पढतो. सगळेच करतात, हे उत्तर मला पटत नाही. पण त्याच वेळी हेही दिसतं की खरं सांगणाऱ्याला शिक्षा होते. खालांनी फॉर्मवर मुलाचा पगार खरा लिहिला होता, ९,००० महिना. त्यांच्या शेजारणीनं लिहिलाच नव्हता.

आता विजेकडे येऊ, कारण माझं डोकं खरं तिथं फिरलं. महाराष्ट्रात घरगुती विजेसाठी दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांचा एक वेगळा, स्वस्त वर्ग आहे. त्यासाठी उत्पन्न विचारत नाहीत, वापर बघतात. मंजूर भार अगदी लहान हवा आणि मागच्या आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटांच्या आत हवा. म्हणजे महिन्याला ३० युनिटं. कमी वीज वापरतो तो गरीब, असं गृहीत धरलेलं आहे. मी हिशेब केला. ७५ वॅटचा एक पंखा रोज बारा तास चालवला तर महिन्याला २७ युनिटं. नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे रोज पाच तास लावले तर २.७. झालं, २९.७. यात टीव्ही नाही, मिक्सर नाही, मोबाइलचं चार्जिंग नाही. दुसरा पंखा नाही. आणि सोलापुरातल्या पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये पंखा बारा तास चालवून भागत नाही, रात्रंदिवस चालतो.

समजा कुणीतरी हे सगळं सांभाळलं, आणि एका वर्षी घरात बाळंतीण आली किंवा म्हातारा आजारी पडला आणि वापर ३६१ झाला. नियामक आयोगाच्या मार्च २०२० च्या दर आदेशात लिहिलं आहे की ३६० च्या वर गेलेला ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जाईल, आणि पुढे त्याचा वापर कितीही कमी झाला तरी त्याला या वर्गात परत येता येणार नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. एखाद्या प्रोग्राममध्ये मी अशी अट टाकली असती तर टेस्टिंगवाल्या पोरीनं मला त्याच दिवशी बग लावला असता. गरिबीतून बाहेर पडण्याचा एकच दरवाजा, तोही बाहेरूनच बंद होणारा. आणि बाहेर पडायला कारण काय, तर एक उन्हाळा.

वरच्या वर्गात गेल्यावर टप्पे सुरू होतात. पहिली १०० युनिटं एका दरानं, १०१ ते ३०० दुसऱ्या दरानं, आणि दुसरा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास. हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे, जास्त वापरणाऱ्यानं जास्त द्यावं. पण टप्पा मीटरवर मोजला जातो, माणसांवर नाही. दोन भाऊ, दोघांच्या बायका, चार मुलं आणि अम्मी अशी नऊ माणसं एका मीटरवर १४० युनिटं वापरतात. त्यांची वरची ४० युनिटं महाग दरानं जातात. त्याच शहरात तीन माणसांचं घर ९५ युनिटं वापरून पूर्ण स्वस्त दरात राहतं. माणशी हिशेब केला तर एकीकडे पंधरा-सोळा युनिटं, दुसरीकडे बत्तीस. महाग कुणाला पडली? रेशनकार्डाच्या उत्पन्नमर्यादेतही हीच चूक आहे. पंधरा हजार काय किंवा ५९,००० काय, तीन माणसांना तेवढेच आणि नऊ माणसांनाही तेवढेच. यावर लगेच टोमणा येतो, तुमच्यात पोरंच फार. मी सांगितलेल्या घरात प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं आहेत. ते एकत्र राहतात कारण दुसऱ्या खोलीचं डिपॉझिट नाही, आणि असलं तरी नाव ऐकल्यावर खोली मिळेलच असं नाही.

दुसरीकडे हे कसं करतात? अमेरिकेत १९८१ पासून गरीब घरांच्या वीज-गॅस बिलासाठी केंद्र सरकारचा निधी आहे. तिथं उत्पन्नाची कमाल मर्यादा दारिद्र्यपातळीच्या १५० टक्के किंवा त्या राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्के, यातलं जे जास्त असेल ते. ही दारिद्र्यपातळी दर वर्षी महागाईनुसार बदलते आणि माणसं मोजते. २०२५ साली एका माणसाला १५,६५० डॉलर, पुढच्या प्रत्येक माणसामागे ५,५०० अधिक. तिथंही सगळं गोड नाही. तो हक्क नाही, ठरलेला निधी आहे, संपला की पात्र माणूसही रिकाम्या हातानं परत जातो. पण निदान रेष दर वर्षी हलते.

इतक्या लांब कशाला, आमच्या सोलापूरकरांच्या सोयरिकी कलबुर्गी आणि विजयपुरात आहेत. कर्नाटकात जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर अधिक दहा टक्के, २०० युनिटांच्या मर्यादेत, मोफत. उत्पन्नाचा दाखला नाही, भाडेकरूही पात्र. माझ्या मामेबहिणीनं मोबाइलवर दहा मिनिटांत अर्ज केला. २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं, म्हणजे कडा तिथंही आहे. आणि दारात दोन गाड्या असलेल्यालाही लाभ मिळतो, यावरून टीका होते ती रास्त आहे. तेलंगणानं मार्च २०२४ पासून त्याच नावानं २०० युनिटांची योजना आणली, पण पांढरं रेशनकार्ड असलेल्यांनाच. घाबरू नका, तिथं पांढरं कार्ड गरिबांचं असतं. नांदेडच्या माणसाचं कार्ड सीमेपलीकडे नेलं तर तो रंगानंच गरीब होईल.

माझं मत असं आहे. विजेच्या पहिल्या काही युनिटांसाठी, समजा माणशी पंधरा, उत्पन्न विचारूच नये. ती सगळ्यांना स्वस्त द्यावीत, आणि भरपाई वरच्या टप्प्यांतून आणि राज्याच्या तिजोरीतून करावी. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार राज्य सरकार अशी सवलत देऊ शकतं, फक्त पैसे वीज कंपनीला आगाऊ मोजावे लागतात. श्रीमंतालाही पंधरा युनिटं स्वस्त मिळतील, मिळू देत. दाखला, तलाठ्याचा अहवाल, सेतूची रांग, बुडालेली मजुरी आणि मधल्या माणसाचे दोनशे रुपये, यांची बेरीज केली तर ते परवडतं. गॅसमध्ये उत्पन्नाची अट ठेवायचीच असेल तर ती माणशी मोजावी, दर वर्षी महागाईनुसार हलवावी, आणि रेषेवर एकदम शून्य करण्याऐवजी तीन सिलिंडरांचे दोन, दोनाचा एक असं उतरत न्यावं. आणि ३६१ व्या युनिटाला कायमची शिक्षा देणारं ते वाक्य काढून टाकावं. वीज नियामक आयोग दरनिश्चितीच्या याचिकांवर हरकती आणि सूचना मागवतो, कुठलाही ग्राहक त्या पाठवू शकतो. आमच्या पूर्व भागात पद्मशाली विणकर आणि बिडी कामगार बायका राहतात, त्यांच्याही घरी एकच मीटर आणि आठ माणसं आहेत. ही हरकत त्यांच्या सह्यांसकट गेली तर ती मुसलमानांची तक्रार म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. मी मसुदा लिहायला घेतला आहे.

पण सरकारचं होईल तेव्हा होईल. कमिटीचा फॉर्म तर आपल्या हातात होता. आणि मला लाज या गोष्टीची वाटली की आपल्याकडे एक जुनी, अधिक शहाणी रेष असताना मी सरकारी आकडा उचलला. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. रुपयांत लिहिलेलाच नाही. भाव बदलला की रेष आपोआप हलते, दर रमजानला मौलाना नवा आकडा सांगतात. त्यात राहतं घर, वापरातले कपडे, धंद्याची हत्यारं धरत नाहीत, आणि डोक्यावरचं कर्ज वजा करतात. कर्जात बुडालेला माणूस तर जकात घेणाऱ्यांच्या आठ प्रकारांत स्वतंत्र मोजलेला आहे. खालांच्या नवऱ्याचा टेम्पो या हिशेबात संपत्ती ठरलाच नसता. रेषेची कडा निसाबालाही आहे, हे मी नाकारत नाही. पण तो माणसाला विचारतो, तुझ्याकडे आज काय उरतं. कार्ड विचारतं, वीस वर्षांपूर्वी तू कोण होतास.

कमिटीच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा तासभर वाद झाला. एका चाचांचं म्हणणं, कागद नसेल तर कुणीही येऊन मागेल. ती भीती खोटी नाही. शेवटी असं ठरलं की उत्पन्नाचा रकाना काढायचा आणि चार गोष्टी विचारायच्या. घरात किती माणसं जेवतात, किती बिलं थकली आहेत, महिन्याला कर्जाचा हप्ता किती जातो, आणि गल्लीतली दोन माणसं हे खरं आहे असं सांगतील का. पूर्ण बिल, अर्धं बिल, पाव बिल अशा तीन पायऱ्या ठेवल्या. रक्कम आधी घेणाऱ्याच्या हातात द्यायची, बिल तो स्वतः भरणार, म्हणजे जकातीच्या मसल्यालाही अडचण नाही आणि माणसाची मानही खाली जात नाही. वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस कायद्यानं द्यावी लागते, ही ओळ फॉर्मच्या मागे मराठीत आणि उर्दूत छापली.

नव्या हिशेबात चाळीसपैकी नऊ अर्ज बदलले. चार जण खाली सरकले, त्यात तो पहिल्या सफमधला दुकानदारही होता, आणि त्यावरून दोन आठवडे आमच्याकडे कुणी चहाला आलं नाही. खालांचं पूर्ण बिल निघालं. गॅस कनेक्शन नावावर करायचे कागद मी त्यांच्यासोबत बसून भरले. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं आहे, म्हणून ते अजून अडलेलं आहे.